दहा इंची चाकाच्या आतली जागा

आज एका गाडीच्या चाकाबद्दल बोलायचं आहे. खरं म्हणजे चाकाच्या आतल्या रिकाम्या जागेबद्दल. एका मॉडेलचं चाक दुसऱ्या मॉडेलला बसतं का, असं गॅरेजमध्ये विचारलंत तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं, ‘भोकं जुळली ना, मग बसलं.’ हे उत्तर किती अपुरं आहे, ते ब्रिटनच्या मिनी या गाडीइतकं स्पष्ट दुसरी कुठली गाडी दाखवत नाही.

१९५६ साली सुएझचा पेच उभा राहिला आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं. बीएमसी कंपनीचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांनी अ‍ॅलेक इसिगोनिस यांना छोटी गाडी करायला सांगितलं. जेमतेम १० फूट लांबीत चार माणसं बसवायची, तर चाकांनी आतली जागा खाऊन चालणार नव्हतं. म्हणून इसिगोनिस यांनी चाकच लहान केलं. डनलॉपने त्यासाठी १० इंची टायर बनवले आणि ऑगस्ट १९५९ मध्ये गाडी बाजारात आली. चारही चाकांना ७ इंची ड्रम ब्रेक होते. इंजिन ८४८ सीसीचं, तेव्हा तेवढ्यावर भागत होतं.

मग जॉन कूपर आले. १९६१ ची मिनी कूपर ९९७ सीसीची, ५५ अश्वशक्तीची. वेग वाढला की थांबायची सोयही हवी, म्हणून पुढे डिस्क ब्रेक बसवले. पण डिस्क किती मोठी? फक्त ७ इंची. तिची ख्याती काही फार बरी नव्हती. मोठी का नाही लावली?

इथे थोडा हिशेब करू. १० इंच म्हणजे २५४ मिलिमीटर. पण हे माप टायरची कड जिथे टेकते तिथलं. टायर चढवता यावा म्हणून रिमच्या मधोमध खोलगट पन्हाळ असते, ती आणखी आत येते. आता ७.५ इंची डिस्क घ्या, म्हणजे साधारण १९० मिलिमीटर. दोन्ही बाजूंना मिळून ६४ उरले, एका बाजूला ३२. या ३२ मध्ये पन्हाळीची खोली, पत्र्याची जाडी आणि डिस्कला वरून कवेत घेणारा कॅलिपर, एवढं सगळं मावायला हवं. वर थोडी हवेची फटही राहिली पाहिजे.

१९६३ च्या कूपर एसला ही ७.५ इंची, जाड डिस्क मिळाली. पण त्याबरोबर चाकही बदलावं लागलं: व्यास तोच, मात्र ऑफसेट, म्हणजे हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाची रिममधली जागा, वेगळी. शिवाय हवा खेळायला भोकं. गंमत अशी की साध्या मिनीचं चाक घेतलंत तर चारही स्टड जुळतात, तरी ते या ब्रेकवर बसत नाही, कॅलिपरला अडतं. नाव तेच, कंपनी तीच, माप १० इंच, तरीही! मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लो रॅली जिंकली, त्या कूपर एस गाड्या.

पुढे १९७४ मध्ये १२७५ जीटीला १२ इंची चाकाचा पर्याय आला आणि त्याबरोबर ८.४ इंची डिस्क. १९८४ पासून सगळ्याच मिनींना हे मिळालं. पुन्हा हिशेब करा: ३०५ वजा २१३, म्हणजे एका बाजूला ४६ मिलिमीटर. चौदा मिलिमीटरसाठी पंचवीस वर्षं! (आपल्याकडे १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० सुरुवातीपासूनच १२ इंची चाकावर होती.) आता उलटी अडचण झाली. जुन्या रूपाच्या हौसेने कुणी नव्या मिनीला १० इंची चाकं लावायला गेला, तर ती ८.४ इंची डिस्कवर चढतच नाहीत. आधी पुढचे ब्रेक ७.५ इंचीवर आणावे लागतात. दिसण्यासाठी ब्रेक लहान करायचा, हा सौदा मला स्वतःला पटत नाही.

भोकांचंही नीट पाहा. मिनीच्या स्टडचं वर्तुळ ४ इंची, म्हणजे १०१.६ मिलिमीटरचं. बाजारात १०० मिलिमीटरची चाकं भरपूर. प्रत्येक भोक ०.८ मिलिमीटरने चुकतं. पाना जोरात फिरवला की नट आवळला जातो आणि माणूस खूश होतो, पण स्टड तिरका ओढला जातो.

मघाशी कुणीतरी विचारलं, घरी तपासायचं कसं? गाडी जॅकवर घ्या, कॅलिपरवर कणकेचे छोटे गोळे चिकटवा, चाक लावून नट आवळा आणि हाताने हळूहळू फिरवा. चाक काढून गोळा किती चेपला ते पाहा. तो कागदासारखा झाला असेल तर चाक परत करा, कॅलिपर घासत बसू नका. वळणावर चाक किंचित लवतं आणि तेवढी फट संपते. बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनंसुद्धा रिमच्या आत असतात, ती विसरली जातात.

आणि स्पेसरबद्दल दुसरा प्रश्न होता. स्पेसरने चाक बाहेर सरकतं. कॅलिपर चाकाच्या तोंडाला, आऱ्यांना अडत असेल तर त्याचा उपयोग होतो. व्यासच अपुरा असेल तर सहसा होत नाही. स्टडवर नटाची पकड कमी होते, ते वेगळंच. कूपर एसच्या मागच्या बाजूला हा जोड लागणारच होता, कारण नव्या ऑफसेटची चाकं मागेही तीच होती. तेव्हा कंपनीने सुटा स्पेसर दिला नाही. मागचा ड्रमच तेवढ्या जादा जाडीचा ओतून घेतला.