बंद दप्तर आणि हरवलेले नाव
दत्तक मुलांच्या नोंदींचा इतिहास व मंडळीची जबाबदारी

बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्या लोकांची लांबलचक यादी एज्रा व नहेम्या या ग्रंथांत दिलेली आहे. ती वाचताना आपण बहुधा पाने भराभर उलटतो. पण तीत एक लहानशी नोंद आहे. काही याजक घराण्यांनी वंशावळीत आपली नावे शोधली, ती सापडली नाहीत, आणि म्हणून त्यांना याजकपदापासून दूर ठेवण्यात आले. त्यांनी काही अपराध केला होता असे तेथे म्हटलेले नाही. दप्तरात नाव नव्हते, एवढेच.

लहानपणी दत्तक गेलेली आणि प्रौढ वयात आपल्या जन्मदात्यांचा, सख्ख्या भावंडांचा शोध घेणारी माणसे आजही आपल्यामध्ये आहेत. त्यांचा शोध अनेकदा एखाद्या अनाथाश्रमाच्या, न्यायालयाच्या किंवा मंडळीच्या दप्तरापाशी येऊन थांबतो. हे दप्तर कोणी व कशासाठी बंद केले, आणि ते पुन्हा कसे उघडत आहे, याचा इतिहास पाळकांना व उपदेशकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण बंद करणाऱ्यांमध्ये मंडळीही होती.

आपल्या भाषेत ‘दत्तक’ हा शब्द जुना आहे, आणि त्याच्याशी गुप्ततेची कल्पना जोडलेली नव्हती. दत्तकविधान हा चारचौघांच्या साक्षीने होणारा विधी होता. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव हा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला. तोच पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड म्हणून प्रसिद्ध झाला. त्याचे जन्मगाव, जन्मदाते व सख्खे भाऊ साऱ्या संस्थानाला ठाऊक होते. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानेही दत्तक मुलाला जन्मकुळातील निषिद्ध नात्यांत विवाह करण्यास मनाई केली आहे. म्हणजे त्याचे मूळ कुळ कोणाला तरी माहीत असेल हे या कायद्याने गृहीतच धरले आहे.

परक्या आणि पुष्कळदा अज्ञात मातेचे मूल संस्थेने स्वीकारायचे, ही रीत निराळ्या मुळातून आली. टॉमस कोरम या दर्यावर्दी गृहस्थाच्या खटपटीमुळे लंडनच्या ‘फाउंडलिंग हॉस्पिटल’ला १७३९ साली राजाची सनद मिळाली आणि १७४१ साली तेथे पहिली मुले घेतली गेली. सुरुवातीच्या काळात मातेचे नाव विचारीत नसत. कारकून एका छापील कागदावर मुलाचे लिंग, कपडे व अंगावरील खुणा लिहून घेई. बरोबर आणलेले एखादे नाणे, पदक किंवा कापडाचा तुकडा त्या कागदासोबत राही, आणि तो घडी घालून मोहोरबंद केला जाई. मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी नवे नाव मिळे. आई परत आली, तर तिने ती खूण सांगावयाची आणि मग मोहोर फोडावयाची, अशी योजना होती. १७४१ ते १७६० या काळात आलेल्या १६,२८२ मुलांपैकी अवघी १५२ मुले परत नेली गेली. तरीही योजनेचा हेतू ध्यानात घेण्याजोगा आहे. मोहोर आईची लाज झाकीत होती आणि त्याच वेळी भेटीची वाट जपून ठेवीत होती.

पुढील काळात यांपैकी पहिला हेतू वाढत गेला आणि दुसरा मागे पडला. इंग्लंडमध्ये दत्तकविधानाला कायद्याची मान्यता १९२६ साली मिळाली. दत्तक मुलांसाठी स्वतंत्र नोंदवही सुरू झाली. मूळ जन्मनोंद आणि नवी नोंद यांना जोडणारी नोंदही ठेवली गेली, परंतु ती न्यायालयाच्या हुकुमावाचून पाहता येत नसे. १९४९ च्या कायद्याने दत्तक घेणाऱ्यांना आपली ओळख जन्मदात्रीपासून लपवून नावाऐवजी क्रमांक वापरण्याची मुभा दिली. अविवाहित मातेवरील कलंक आणि दत्तक कुटुंबाला वाटणारी भीती ही या गुप्ततेची कारणे होती. तिच्यामागे दुष्टावा होता असे म्हणता येणार नाही. पण ज्याच्याविषयी ती नोंद होती, त्या मुलाला पुढे कधी काही विचारावेसे वाटेल, याचा विचार इंग्लंडच्या कायद्यात झाला नाही.

शेजारच्या स्कॉटलंडमध्ये तो झाला. तेथील १९३० च्या कायद्याने सतरा वर्षे पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला आपली मूळ जन्मनोंद पाहण्याचा अधिकार दिला. जॉन ट्रिसेलिओटिस या अभ्यासकाने अशी नोंद मागणाऱ्या स्कॉटिश व्यक्तींचा अभ्यास करून १९७३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. आपण दत्तक आहोत हे ज्यांना फार उशिरा किंवा परक्यांच्या तोंडून कळले होते, त्यांची व्यथा त्यात विशेष उठून दिसते. हॉटन समितीनेही १९७२ साली स्कॉटलंडचीच वाट सुचविली होती. १९७५ च्या बाल कायद्याने इंग्लंड व वेल्समधील अठरा वर्षांवरील दत्तक व्यक्तींना हा अधिकार दिला आणि १९७६ च्या नोव्हेंबरपासून तो अमलात आला. तथापि जुन्या मातांना गुप्ततेचे आश्वासन दिलेले होते. म्हणून कायदा होण्यापूर्वी दत्तक गेलेल्यांना आधी एका समुपदेशकाची भेट घेणे बंधनकारक केले गेले. २००२ च्या कायद्याने जन्मदात्या नातलगांनाही मध्यस्थ संस्थेमार्फत शोध घेण्याची सोय झाली.

आयर्लंडचा इतिहास आपल्याला अधिक बोचणारा आहे. तेथे दत्तकविधानाचा कायदा १९५२ साली झाला. अविवाहित माता व त्यांची मुले यांच्यासाठी असलेली अनेक आश्रयगृहे कॅथॉलिक मठवासिनी चालवीत. डब्लिनचे ‘बेथनी होम’ प्रॉटेस्टंटांचे होते. दोन हजारांहून अधिक मुले तेथून दत्तक म्हणून अमेरिकेला पाठविली गेली. फिलोमिना ली या मातेचा मुलगा असाच १९५५ साली रॉसक्रे येथील आश्रयगृहातून अमेरिकेस गेला. पुढे आई मुलाची आणि मुलगा आईची त्याच ठिकाणी चौकशी करीत राहिले, पण दोघांची भेट झाली नाही. मुलगा १९९५ साली वारला, आणि त्याच्या इच्छेनुसार त्याचे दफन त्याच आश्रयगृहाच्या आवारात झाले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे ही हकीकत जगाला कळली.

याहून गंभीर प्रकार २०१८ साली उघड झाला. एका दत्तक संस्थेच्या कागदपत्रांत १२६ मुलांच्या जन्मनोंदी खोट्या असल्याचे आढळले. त्यांत दत्तक घेणाऱ्यांचीच नावे जन्मदाते म्हणून लिहिली होती. बंद दप्तर कधीतरी उघडता येते. खोट्या नोंदीवरून मात्र शोध सुरूच होऊ शकत नाही. अठरा संस्थांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि २०२२ च्या कायद्याने सोळा वर्षांवरील दत्तक व्यक्तींना आपली जन्ममाहिती मिळण्याचा हक्क दिला. तत्पूर्वी १९९८ साली आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलाचा आपली माता जाणण्याचा हक्क मान्य केला होता. मात्र मातेच्या खाजगीपणाच्या हक्काशी त्याचा मेळ घातला पाहिजे, असेही म्हटले होते.

आता आपल्या देशाकडे वळू. ख्रिस्ती लोकांच्या वैयक्तिक कायद्यात दत्तकविधानाची तरतूद नव्हती. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली ख्रिस्ती दांपत्य मुलाचे केवळ पालक होऊ शकत असे, आणि मूल सज्ञान होताच ते कायदेशीर नाते संपत असे. बाल न्याय कायदा २००० साली आला आणि २००६ च्या दुरुस्तीने दत्तकविधानाचा अर्थ त्यात स्पष्ट झाला. कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला या कायद्याखाली मूल दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. याचा परिणाम असा, की मागील पिढ्यांत ख्रिस्ती घरी वाढलेल्या अशा मुलांची माहिती एका ठिकाणी मिळण्याची आशा थोडी. ती जिल्हा न्यायालयाच्या पालकत्वाच्या कागदांत, अनाथाश्रमाच्या प्रवेशवहीत, किंवा केवळ बाप्तिस्म्याच्या वहीत शोधावी लागते.

लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून चाललेल्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी ६ फेब्रुवारी १९८४ रोजी परदेशी दत्तकासंबंधी निर्णय दिला. मूल समजत्या वयाचे झाल्यावर त्याला जन्मदात्यांची माहिती देण्यास गंभीर हरकत नसावी, असे मत त्यात व्यक्त झाले आहे. १९९३ च्या हेग कराराने मुलाच्या मूळाची माहिती जपून ठेवण्याचे बंधन सहभागी राष्ट्रांवर घातले. भारताने तो २००३ साली स्वीकारला. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार अठरा वर्षांवरील दत्तक व्यक्ती स्वतः, आणि त्याहून लहान मूल दत्तक आईवडिलांसह, मूळ शोधासाठी अर्ज करू शकते. तिऱ्हाइताला तिच्या वतीने शोध घेता येत नाही. मूल सोपविताना जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवण्यास सांगितले असेल, तर त्यांची संमती घ्यावी लागते. त्यांनी नकार दिला किंवा ते सापडले नाहीत, तर मूल कोणत्या परिस्थितीत सोपविले गेले, एवढे तरी अर्जदाराला सांगावयाचे आहे.

हा सारा इतिहास मंडळीच्या वहीपर्यंत येऊन पोहोचतो. कॅथॉलिक धर्मसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील ८७७ व्या नियमाप्रमाणे दत्तक मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत दत्तक आईवडिलांची नावे लिहावयाची असतात, आणि त्या प्रदेशाच्या सरकारी नोंदीत जन्मदात्यांची नावे लिहीत असतील, तर तीही लिहावयाची असतात. इतर मंडळ्यांचे नियम वेगळे असतील. पण पुढील गोष्टी सर्वांनाच लागू पडाव्यात.

पहिली, वहीत खोटे लिहू नये. कुटुंबाच्या मायेपोटी किंवा भिडेखातर दत्तक आईवडिलांना जन्मदाते म्हणून लिहून देणे म्हणजे त्या मुलाची वाट कायमची बुजविणे होय. विवाहसमयी निषिद्ध नाते पडताळण्याचे साधनही त्यामुळे नाहीसे होते. दुसरी, जुन्या वह्या वाळवी, ओल आणि हलगर्जीपणा यांपासून जपाव्यात. बंद पडलेल्या अनाथाश्रमाचे दप्तर रद्दीत जाऊ देऊ नये. तिसरी, विचारणारा दारी आला असता ‘आमच्याकडे काही नाही’ असे न पाहता सांगू नये. पण नाव सापडले म्हणून ते परस्पर हाती ठेवून त्याला कोणा वृद्ध स्त्रीच्या दारी धाडूही नये. तिचा संसार, तिची मुले, तिने आजवर कोणापाशीही न उच्चारलेले दुःख यांचाही विचार आपल्याला करावयाचा आहे. दत्तक संस्था, जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा केंद्रीय दत्तक प्राधिकरण यांच्यामार्फतच पुढील पाऊल पडावे, आणि उत्तर नकाराचे आले तर त्या माणसाजवळ आपण असावे.

दत्तक आईवडिलांची समजूत घालणे हेही पाळकाचेच काम आहे. शोध म्हणजे कृतघ्नता, असे अनेकांना वाटते. मोशेला फारोच्या कन्येने पुत्र मानले, आणि त्याला दूध पाजले ते त्याच्या जन्मदात्रीने. पवित्र शास्त्राने या दोघींपैकी कोणाचीही आठवण पुसलेली नाही. मुलाने दुसरे नाव विचारले म्हणून पहिले नाते तुटत नाही, हे त्या आईवडिलांना वेळीच सांगितले, तर मुलाला आपला शोध त्यांच्यापासून लपवावा लागणार नाही.