वाघांची खानेसुमारी

कौटिलीय अर्थशास्त्रांत गांवोगांवचीं घरें, माणसें व गुरें यांची मोजदाद ठेवण्याचें काम गोप नांवाच्या अधिकाऱ्याकडे सोंपविलें आहे. आणि ती मोजदाद खरी कीं खोटी हें पाहण्यासाठीं समाहर्त्यानें गृहस्थाच्या वेषांत हेर नेमावे, असेंही सांगितलें आहे. मोजणारा व पडताळणारा निराळे असावे, हें तत्त्व इतकें जुनें आहे. तें सुटलें म्हणजे काय होतें, हें आपल्याच देशांतील वाघांच्या गणतीच्या इतिहासावरून दिसून येईल.

१९७० सालीं वाघाच्या शिकारीस देशभर बंदी झाली. १९७२ च्या गणतींत अवघे १,८२७ वाघ भरले, आणि १ एप्रिल १९७३ रोजीं व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत आपलें मेळघाटही होतें. गणतीची रीत सरोजराज चौधरी या वनाधिकाऱ्यानें बसविलेली होती. वाघाच्या मागच्या डाव्या पायाचा ठसा कांचेवर रेखून घ्यावयाचा, व ठशाठशांतील भेदावरून वाघ निरनिराळे ओळखावयाचे. परंतु एकच पाय वाळूंत एक आकार उमटवितो आणि चिखलांत दुसरा. भेद ठरविणें सर्वस्वीं पाहणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून राही. १९७९ सालीं वाघ ३,०१५ झाले, १९८९ सालीं ४,३३४. वाघ मुळींच वाढले नाहींत, असें आम्ही म्हणत नाहीं. पण रानांतले किती व कागदावरचे किती, हें सांगणें अशक्य होतें. ज्या खात्याची कर्तबगारी या संख्येवरून ठरावयाची, तेंच खातें ती संख्या ठरवीत होतें. विद्यार्थ्यानेंच आपली उत्तरपत्रिका तपासावी, तशांतला हा प्रकार होता.

याचें फळ राजस्थानांतील सरिस्का येथें दिसलें. २००४ सालीं तेथें १६ ते १८ वाघ असल्याची नोंद होती. २००५ च्या आरंभीं तेथें एकही उरला नसल्याचें उघडकीस आलें. चोरट्या शिकाऱ्यांनीं रान रितें केलें, तरी वही भरलेलीच राहिली!

त्याच वर्षीं सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली, आणि गणतीची पद्धति बदलली. उल्लास कारंत यांनीं नागरहोळेच्या जंगलांत १९९० नंतरच्या दशकांत एक निराळी रीत चालविली होती. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. वाटेवर दोहों बाजूंस स्वयंचलित कॅमेरे लावावे. पुनःपुन्हां तेच वाघ आढळले तर न दिसलेले थोडे, नवेनवेच येत राहिले तर न दिसलेले पुष्कळ, असें अनुमान गणितानें करावें. या धर्तीवर २००६ सालीं झालेल्या पाहणीचा निष्कर्ष २००८ त प्रसिद्ध झाला: वाघ १,४११, खरी संख्या १,१६५ ते १,६५७ यांच्या दरम्यान. पूर्वींच्या गणत्यांत अशी मर्यादा सांगण्याची चाल नव्हती. आपल्या ज्ञानाची सीमा सांगणारा आंकडा आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटतो. हा आंकडा कोणास भूषणावह नव्हता. परंतु कोठें वाघ उरले, कोठें संपले, हें तेव्हांच नीट कळलें. त्याच वर्षीं रणथंभोरहून सरिस्काला पुन्हां वाघ नेण्यांत आले.

२००१-०२ च्या जुन्या गणतींत ३,६४२ वाघ होते. २०२२ च्या पाहणींत ३,६८२ ठरले. दोहोंत अंतर अवघें चाळिसांचें, तथापि दोहोंचें मोल एक नव्हे. पहिल्या आंकड्यामागें पाहणाऱ्याची मति होती. दुसऱ्यामागें छायाचित्रें आहेत व तीं पुन्हां तपासतां येतात. मात्र ती सारी सामग्री बाहेरच्या अभ्यासकांस मोकळी असावी, ही कांहीं शास्त्रज्ञांची मागणी आम्हांस रास्त वाटते. कौटिल्याला त्यासाठीं वेषांतर केलेले हेर नेमावे लागले. प्रजासत्ताकांत तें काम उघडपणें व्हावें, इतकेंच.