मातीचे ठाण

दसऱ्याच्या दिवशी घोड्याला न्हाऊ घालावे, कपाळी कुंकू लावावे, गळ्यात झेंडूची माळ घालून त्याची पूजा करावी, ही आपल्याकडील जुनी चाल. सीमोल्लंघनाला निघालेल्या घोड्याचे कौतुक बखरकारांनी केले, शाहिरांनीही केले. पण हा सजलेला घोडा त्याआधीचे चार महिने कोठे आणि कशावर उभा होता, हे विचारण्याची आठवण सहसा कोणाला होत नाही. प्रस्तुत लेख त्या पायांखालच्या जमिनीविषयी आहे.

मराठ्यांची स्वारी आठ महिन्यांची आणि छावणी चार महिन्यांची. कृष्णाजी अनंत सभासदाने सन १६९७च्या सुमारास जिंजीस शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले. त्यात ही व्यवस्था त्याने थोडक्यात, पण नेमकी सांगितली आहे. पावसाळ्याच्या तोंडी लष्कर आपल्या मुलखात परतत असे. तेथे दाणावैरण, औषधे, माणसांसाठी घरे आणि घोड्यांसाठी गवताने शाकारलेले खण आधीच सिद्ध असत. दसरा झाला की लष्कर पुन्हा कूच करी. म्हणजे मोहिमेचे भवितव्य काही अंशी या गवती छपरांखालीच ठरत असे. आषाढात खंगलेला घोडा आश्विनात धावत नाही.

महाराजांना याची जाणीव किती होती, हे चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना पाठविलेल्या पत्रावरून दिसते. हे पत्र राज्याभिषेकाच्या, म्हणजे सन १६७४च्या, आसपासचे आहे. साठविलेला दाणा आणि वैरण बेतानेच खर्च करा. भर पावसाळ्यात ती संपली तर घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेचे धान्य आणि पाला ओढू लागाल, असे त्यात बजावले आहे. रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंज पेटेल, इथपर्यंत राजाची नजर पोचली आहे. पत्राचा भर वैरण आणि आग यांवर आहे. परंतु जेथे वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, त्या कोकणात पागेला आगीइतकाच दुसरा वैरी होता. तो म्हणजे ओल.

गवती छपराच्या तात्पुरत्या खणाला फरशी कोण घालणार? खाली माती किंवा मुरूमच असणार. मातीची जमीन घोड्याला मानवते. ती पायांना हिसका देत नाही, तीवर तो घसरत नाही, निवांत बसतो. दोष एवढाच, की ती पिते. एक मोठा घोडा दिवसाला सात ते दहा लिटर मूत्र आणि पंधरा-वीस किलो लीद टाकतो. आपली दख्खनी घोडी लहान चणीची, त्यांचे काही कमी धरा. एकाच ठाणावर बांधलेल्या घोड्याचे हे सारे रोज त्याच हातभर जागेत पडते. माती भिजते, घोडा टापांनी ती उकरतो, खळगा पडतो, खळग्यात पाणी साचते. त्यातून डोळे झोंबवणारा उग्र वायू निघतो आणि छातीला बाधतो. खूर मऊ पडतो, तळव्याच्या मधला मऊ भाग कुजून काळा होतो, आणि नालाचे खिळे धरेनासे होतात.

घरची जमीन सारवली की स्वच्छ होते. घोड्याची जमीन मात्र पाण्यापासून दूर राखूनच स्वच्छ राहते. घोडी बाळगणारे पिढ्यान्पिढ्या हेच करीत आले. ठाण भोवतालच्या जमिनीहून उंच घ्यायचे, भोवती चर खणायचा, मुरूम धुमसाने ठोकून घट्ट करायचा. उतार मागच्या बाजूला, तोही बेताचा. फार दिला तर तासन्‌तास उभ्या घोड्याच्या शिरा ताणतात. लीद पडली की उचलायची, कारण तुडवली गेली की ती मातीचीच होते. ओली माती रोज खरवडून काढायची, तिच्या जागी कोरडी भरायची, वर राख भुरभुरायची. उघडीप मिळाली की घोडा बाहेर काढून जमिनीला वारा द्यायचा. यात अवघड काही नाही. पण एक दिवसही चुकवून चालत नाही.

या प्रश्नाचा विचार थोरामोठ्यांनीही केला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाने प्रत्येक घोड्याला गुळगुळीत फळ्यांची जमीन द्यावी, मलमूत्र वाहून जाण्याची सोय करावी, असे सांगितले आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर लिहिताना हेच दुखणे ओळखले. ओली, गुळगुळीत जमीन चांगला खूरही बिघडवते, म्हणून तबेला उतरता ठेवावा आणि त्यात खुराएवढे दगड बसवावेत, हा त्याचा सल्ला. एकाने लाकूड सुचविले, दुसऱ्याने दगड. जेथे दोन्ही नव्हते, तेथे माणसाचे हात होते.

ते हात कोणाचे? अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत अकबराच्या तबेल्यावरील नोकरांची यादी दिली आहे. या यादीत नालबंद आहे, पाणक्या आहे, दृष्ट लागू नये म्हणून धुरी देणारा आहे, आणि खाकरोब, म्हणजे झाडणारा, हाही आहे. सभासद पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद सांगतो. झाडणाऱ्याचा स्वतंत्र उल्लेख तेथे नाही. मोतद्दारांनीच ते काम उरकले असेल, किंवा ज्यांची नावे लिहून ठेवण्याची चाल नव्हती अशांनी. पण नालबंदाने ठोकलेला नाल टिकायचा तर आधी कोणीतरी ठाण कोरडे राखलेले असावे लागते.

लढाईचा दिवस इतिहासाला सापडतो, कारण तो एक असतो. पावसाळ्याचे शंभर-सव्वाशे दिवस सापडत नाहीत, कारण ते सारे सारखे असतात: पहाटे टोपले घ्यायचे, लीद भरायची, ओली माती काढायची, कोरडी टाकायची. भीमथडीच्या तट्टांनी पुढे मुलूख पालथे घातले. त्यांच्या खुरांत बळ होते, याचे काही श्रेय या टोपल्याला आहे. दसऱ्याला घोड्याच्या पायांवर पाणी घालताना त्या पायांखालची माती कोणी सुकी ठेवली, याचीही क्षणभर आठवण करावी.