सर्वांत विषारी कोण? : दिल्लीची आख्यायिका, रत्नागिरीचे फुरसे आणि विषाची मोजदाद

सापांविषयी बोलणे निघाले की एक प्रश्न हमखास विचारला जातो : सर्वांत विषारी साप कोणता? प्रश्न प्राणिशास्त्राचा वाटतो आणि त्याचे एकच निश्चित उत्तर असावे अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. परंतु गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाची उत्तरे बदलत गेली आहेत. साप बदलले म्हणून असे झालेले नाही. मोजमाप बदलले म्हणून उत्तरे बदलली. लोकांनी भीतीच्या मापाने मोजले, सरकारने मृत्यूंच्या आकड्यांनी मोजले आणि प्रयोगशाळेने विषाच्या मात्रेने मोजले. यांपैकी कोणते माप केव्हा ग्राह्य धरले गेले, यावर कोणत्या सापाला मारायचे आणि कोणत्या सापाच्या विषावर औषध बनवायचे हे ठरले. हा प्रवास महाराष्ट्रातून, विशेषतः रत्नागिरी व मुंबई येथून कसा झाला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

प्रथम ‘विषारी’ या शब्दाचा उलगडा करणे आवश्यक आहे. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आढळतात आणि त्यांपैकी सुमारे साठ विषारी आहेत. या जातींची प्रतवारी निदान तीन प्रकारे करता येते. विषाची तीव्रता हा पहिला प्रकार होय. एका दंशात किती विष शरीरात जाते हा दुसरा आणि त्या सापाची माणसाशी किती वेळा गाठ पडते हा तिसरा. नागराजाचे विष नागाच्या विषापेक्षा सौम्य असूनही एका दंशातील त्याचे प्रमाण मोठे असते. उलट कोकण किनाऱ्यावरील काही समुद्रसापांचे विष अत्यंत तीव्र आहे, परंतु त्यांचा दंश बहुधा जाळे ओढणाऱ्या मच्छीमारालाच होतो. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील तैपान हा साप विषाच्या तीव्रतेत जगात पहिला मानला जातो, तरी त्याच्या दंशाने माणसे दगावल्याची नोंद जवळजवळ नाही. म्हणजे या तीन प्रतवाऱ्या परस्परांशी जुळत नाहीत, आणि पुढील सर्व वादाचे मूळ येथेच आहे.

दिल्लीची आख्यायिका

दिल्ली आणि साप यांचा संबंध पुराणकथेपासूनचा आहे. महाभारतातील इंद्रप्रस्थाच्या कथेशी खांडववनाचे दहन जोडलेले आहे. त्या वनात तक्षकाच्या कुळाचे वास्तव्य होते. पुढे जनमेजयाने सर्पसत्र आरंभिले आणि आस्तिकाच्या मध्यस्थीने ते थांबले. सापांचा समूळ नाश करण्याचा संकल्प आणि त्याचा अर्धवट शेवट, असे या कथेचे सूत्र आहे.

आधुनिक काळात याच सूत्राची एक दिल्लीकर आवृत्ती जगभर सांगितली जाते. इंग्रज अंमलात दिल्लीत नाग फार झाले म्हणून सरकारने मेलेल्या नागामागे बक्षीस लावले. लोकांनी बक्षिसासाठी नाग पाळावयास सुरुवात केली. हे कळताच सरकारने बक्षीस बंद केले, तेव्हा पाळलेले नाग सोडून देण्यात आले आणि शहरात पूर्वीपेक्षा अधिक नाग झाले. जर्मन अर्थशास्त्रज्ञ होर्स्ट झीबर्ट यांनी २००१ मध्ये आपल्या पुस्तकाला या कथेवरूनच नाव दिले आणि चुकीच्या प्रलोभनाचा दाखला म्हणून ती अर्थशास्त्राच्या वर्गांत रूढ झाली. मात्र ही कथा सांगणारे कोणत्याही समकालीन दफ्तराचा हवाला देत नाहीत. इतिहासाच्या अभ्यासकाने तिला आख्यायिकाच मानले पाहिजे.

परंतु सापांवर बक्षीस लावण्याचे धोरण काल्पनिक नव्हते. ते अनेक प्रांतांत राबविले गेले. त्याचे एक ठळक उदाहरण दिल्लीचे नाही, तर कोकणातील रत्नागिरी जिल्ह्याचे आहे, आणि तेथील साप नाग नसून फुरसे आहे.

रत्नागिरीचे फुरसे

फुरसे हा हातभर लांबीचाही क्वचितच भरणारा, मातकट रंगाचा साप. डिवचले असता तो अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतो आणि करवतीसारखा खरखर आवाज करतो. कातळावर, सड्यावर, दगडाखाली, गडग्यांच्या फटींत त्याचा वास असतो. कोकणातील शेतकरी, गुराखी, लाकूडफाटा आणणाऱ्या बायका यांच्या अनवाणी पायांचा संचारही तेथेच असतो. इंग्रज ग्रंथकारांनी या सापाचे मराठी नावच ‘फूर्सा’ या रूपात आपल्या लेखनात उचलले, यावरून या प्रदेशाशी त्याचे नाते किती घट्ट होते हे दिसून येते.

१८६२ च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर बक्षीस लावण्यात आले. तेव्हा मारून आणलेल्या फुरशांची संख्या लाखाच्या पुढे गेली. एका जिल्ह्यातून एका जातीचे एवढे साप निघावेत, हीच गोष्ट त्या काळच्या अधिकाऱ्यांना थक्क करणारी होती. तरीही फुरसे जिल्ह्यातून नाहीसे झाले नाही. आजही कोकणात फुरसे विपुल आहे आणि त्याचे दंशही होतात. दिल्लीच्या आख्यायिकेतील पाळीव नाग येथे नाहीत. पिल्ले घालणारी, भरपूर प्रजनन करणारी आणि आपल्या अधिवासात घट्ट रुजलेली एक जाती बक्षिसाने संपत नाही, एवढीच साधी गोष्ट येथे आहे. ती आख्यायिकेइतकी चटकदार नसली तरी अधिक बोधप्रद आहे.

याच काळात कलकत्त्यात जोसेफ फेरर हे शल्यचिकित्सक सापांच्या विषाचा अभ्यास करीत होते. भारतातील घातक सापांवरील त्यांचा भव्य सचित्र ग्रंथ १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रांतिक सरकारांकडून मृत्यूंचे आकडे मागविले. ब्रिटिश भारताच्या केवळ काही भागांतून १८६९ या एका वर्षात सर्पदंशाने ११,४१६ माणसे मेल्याची नोंद त्यांच्या हाती आली. या आकड्यांच्या आधारे त्यांनी नागाला अग्रस्थान दिले आणि सापांवर बक्षिसे लावण्याचा आग्रह धरला. पुढे अशा मृत्यूंची विवरणपत्रे दरवर्षी निघू लागली.

या निष्कर्षाला आव्हान मिळाले ते मुंबई इलाख्यातून. जी. डब्ल्यू. व्हिडाल हे मुलकी सेवेतील अधिकारी रत्नागिरीत राहिलेले होते आणि जिल्ह्याच्या गॅझेटियरच्या कामाशी त्यांचा संबंध होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १८९० मध्ये त्यांनी सर्पदंशाच्या नोंदींतील सापांच्या ओळखीवर आक्षेप घेतला. मृत्यूची नोंद होते, पण साप कोणता याची खात्री केली जात नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. नाग सर्वांच्या परिचयाचा आणि सर्वांच्या भयाचा विषय, म्हणून अज्ञात सापाचे खापर सहज त्याच्यावर फुटते. फुरशाच्या दंशाने माणूस तासाभरात मरत नाही. रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, हिरड्यांतून आणि लघवीवाटे रक्त जाते आणि काही दिवसांनी मृत्यू येतो. त्यामुळे लहानशा, क्षुल्लक दिसणाऱ्या या सापाकडे बोट जात नाही. व्हिडाल यांच्या मते मुंबई इलाख्यात मनुष्यहानीच्या बाबतीत फुरसे हाच सर्वांत घातक साप होता.

येथे दोन प्रतवाऱ्या प्रथमच समोरासमोर आल्या. भीतीच्या प्रतवारीत नाग पहिला होता, तर स्थानिक पाहणीच्या प्रतवारीत फुरसे पहिले होते.

परळची प्रयोगशाळा आणि ‘चार’ साप

तिसरे माप प्रयोगशाळेतून आले. फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी १८९५ च्या सुमारास प्राण्यांना विषाच्या वाढत्या मात्रा टोचून त्यांच्या रक्तद्रवापासून प्रतिविष तयार केले. नागाच्या विषावरील हे औषध सर्व सापांच्या विषांवर चालेल असा त्यांचा विश्वास होता. मुंबईत परळ येथे १८९९ मध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. हीच पुढे १९२५ मध्ये हाफकीन संस्था झाली. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत जॉर्ज लॅम्ब यांनी प्रयोग केले, आणि नागाचे प्रतिविष घोणशीच्या विषावर निरुपयोगी ठरते हे दाखविले. ऑस्ट्रेलियात चार्ल्स मार्टिन यांच्या कामाचाही रोख हाच होता. प्रत्येक विषाला त्याचेच प्रतिविष लागते, हे यातून प्रस्थापित झाले.

या शोधाचा व्यावहारिक परिणाम मोठा होता. सर्व विषांवर एकच औषध नाही असे ठरल्यावर औषध कोणकोणत्या सापांवर करायचे हे ठरविणे भाग पडले. आरंभी कसौलीच्या संस्थेत नाग व घोणस या दोहोंवरच प्रतिविष होत असे. म्हणजे ज्या फुरशासाठी रत्नागिरीत खजिना रिकामा झाला, त्याला औषधाच्या यादीत स्थान नव्हते. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात हाफकीन संस्थेने मण्यार व फुरसे यांचा समावेश करून चतुर्विध प्रतिविष सिद्ध केले. आज प्रचलित असलेल्या भारतीय प्रतिविषाचा १ मिलिलिटर नाग व घोणस यांचे प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यार व फुरसे यांचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करील, असे प्रमाण ठरलेले आहे.

‘चार प्रमुख विषारी साप’ हा शब्दप्रयोग शाळेच्या पुस्तकांतून आपल्या अंगवळणी पडला आहे. निसर्गात अशी चौघांची टोळी नाही. तो औषधनिर्मितीच्या सोयीने घेतलेला निर्णय होता, आणि आपल्या काळात तो योग्यही होता. हाफकीन संस्थेतील डॉ. पु. ज. देवरस यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी लिहिलेले भारतीय सापांवरील पुस्तक १९६५ मध्ये दिल्लीहून प्रसिद्ध झाले, आणि परळच्या प्रयोगशाळेतील ज्ञान सामान्य वाचकापर्यंत पोचले. सापांविषयीचे अज्ञान व भय दूर करण्याच्या याच हेतूने नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांच्या सहवासात ७२ तास काढले, आणि पुढे कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. दिवड, धामण, कवड्या, डुरक्या घोणस असे निरुपद्रवी साप केवळ संशयाने मारले जातात, हे लोकांना पटवून देण्यात या प्रयत्नांचा वाटा मोठा आहे. कवड्याला मण्यार आणि डुरक्याला घोणस समजण्याची चूक व्हिडाल यांच्या तक्रारीचीच दुसरी बाजू होय. त्यांच्या काळी ओळख न पटल्याने आकडे चुकत होते. आपल्या काळी ओळख न पटल्याने निरुपद्रवी साप मरतात.

पुन्हा दिल्ली

एकविसाव्या शतकात जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. सरकारी नोंदींवर विसंबून न राहता घरोघरच्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या एका देशव्यापी पाहणीने २०११ मध्ये असा अंदाज प्रसिद्ध केला की, २००५ या एका वर्षात भारतात सर्पदंशाने सुमारे ४५,९०० माणसे मृत्युमुखी पडली. २००० ते २०१९ या काळातील मृत्यू सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० असावेत, असा अंदाज २०२० मध्ये मांडण्यात आला. रुग्णालयात न पोचता मरणारा माणूस रुग्णालयाच्या आकड्यांत येत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या नोंदींतील उणीव आजही भरून निघालेली नाही.

दुसरीकडे, चौघांची यादीही अपुरी ठरू लागली. केरळात नाकाडा चापडा या सापाच्या दंशावर प्रचलित प्रतिविष उपयोगी पडत नसल्याचे २००७ मध्ये निदर्शनास आले. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात पश्चिम राजस्थानातील सिंध मण्यार या जातीचे विष नागाच्या विषापेक्षा चाळीसपटींहून अधिक तीव्र आढळले. तीव्रतेच्या मापाने पाहता भारतातील सर्वांत विषारी साप हाच असणे संभवते. पण तो चौघांच्या यादीत नाही. शिवाय एकाच जातीचे विषही प्रदेशागणिक बदलते. १९७८ मध्ये तमिळनाडूत स्थापन झालेल्या इरुळा सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून देशातील प्रतिविषाला लागणारे बहुतांश विष दीर्घकाळ मिळत आले. दक्षिणेतील सापाच्या विषावर तयार झालेले औषध उत्तरेतील दंशावर तितकेच परिणामकारक असेल, असे गृहीत धरता येत नाही.

राजधानीचा परिसर या प्रश्नापासून दूर नाही. अलीकडील सर्वेक्षणांनी दिल्लीतील सापांच्या जातींची संख्या वीसच्या पुढे नेली आहे. यमुनेच्या खादरात आणि अरवलीच्या कटकावर नाग, मण्यार आणि फुरसे आजही आढळतात. वस्तीच्या कडेला जमिनीवर झोपणाऱ्या मजुराला रात्री मण्यार चावते. वेदना जवळजवळ होत नाही, सूज येत नाही, आणि पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, तेव्हा सापाचा संशयही कोणाला येत नाही. त्याच्या दृष्टीने ‘सर्वांत विषारी’ कोण, हे वेळेवर झालेल्या निदानावर आणि हाताशी असलेल्या औषधावर अवलंबून असते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये दिल्लीत सर्पदंश प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यूंची संख्या निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. त्याच वर्षी सर्पदंशाची नोंद बंधनकारक करावी, असे राज्यांना कळविण्यात आले. म्हणजे १८९० मध्ये रत्नागिरीच्या अनुभवावरून जे मागितले गेले होते, ते दिल्लीच्या धोरणात यावयास १३४ वर्षे लागली. या विलंबाचे एक कारण असे दिसते की, आपले लक्ष सर्वांत भयंकर साप शोधण्यात गुंतले आणि दंश झालेला माणूस नोंदीबाहेर राहिला. सर्वांत विषारी कोण, या प्रश्नाचे उत्तर देताना यापुढे तरी कोठे, कोणाला आणि कोणत्या औषधाच्या आधाराने, हे उपप्रश्न सोबत विचारले गेले पाहिजेत. फुरशाचा इतिहास आपल्याला एवढे निश्चित शिकवितो.