शंभर, पन्नास, वीस, दहा... आणि पुन्हा वीस

लोणावळ्याहून येताना चिक्कीचा पुडा आणायचाच, हे आपलं ठरलेलं. आजचा भाग ती चिक्की करणाऱ्या हातांबद्दल.

सुरुवात बोरघाटापासून करू. 1856 ते 1863 या काळात खंडाळ्याच्या कड्यांतून रेल्वे वर चढवली गेली. 1861 साली या कामावर सुमारे 42,000 माणसं होती. सुरुंग, दरडी, पटकी यांत हजारो गेली. कंत्राटदारासाठी मुकादमांनी आणलेल्या या मजुरांच्या वेळी फॅक्टरी कायदा अजून आलाच नव्हता. लोणावळ्याची चिक्की म्हणजे याच मजुरांना विकल्या जाणाऱ्या गुडदाणीचं पुढचं रूप, असं सांगतात.

पहिला फॅक्टरी कायदा आला 1881 मध्ये. धोकादायक यंत्राला कुंपण घाला, अपघात कळवा, असं त्यात होतं. पण लागू कुणाला? यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला. नव्व्याण्णव असतील तर नाही! मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना संघटित करत होते, तो हाच काळ. 1891 मध्ये आकडा पन्नासवर आला, 1922 मध्ये वीसवर, 1948 मध्ये दहावर. दर वेळी आणखी माणसं कायद्याच्या छत्राखाली आली.

मग 2015 मध्ये महाराष्ट्राने तो दहाचा आकडा पुन्हा वीस केला. छोट्या उद्योगांना मोकळीक मिळावी, हे कारण. 2020 च्या केंद्रीय संहितेतही वीसच.

आता मावळात बघा. मोठ्या खाद्य कारखान्यात फोर्कलिफ्ट फिरते. काट्यांवर माल उंच रचला की चालकाला समोरचा माणूस दिसत नाही. म्हणून चालक प्रशिक्षित हवा, पायी चालणाऱ्यांची वाट वेगळी हवी. हे तपासायला तिथे इन्स्पेक्टर येऊ शकतो.

पण मोटरवर चालणारं, पंधरा जणांचं चिक्कीचं युनिट? तिथेही उकळता पाक अंगावर सांडतो, रोलरमध्ये बोट जातं. भरपाईची तरतूद 1923 पासून आहे, पण ती बोट गेल्यावर. रोलरला जाळी आहे का, हे आधी बघणारा फॅक्टरी इन्स्पेक्टर सहसा त्या दारापर्यंत पोचतच नाही.

तुमच्या घरातलं कुणी अशा ठिकाणी कामाला असेल, तर दोन गोष्टी विचारा: तिथे किती जण आहेत, आणि रोलरला जाळी आहे का?