दुधाची पिशवी आणि वेफरचे पाकीट

मुंबईत एके काळी आरेचे दूध काचेच्या बाटलीत मिळायचे. रिकामी बाटली धुऊन केंद्रावर नेली की भरलेली मिळे, त्यामुळे बाटली कचऱ्यात जायचा प्रश्नच नव्हता. पुढे प्लास्टिकची पिशवी आली. ती परत मागणारे केंद्र नव्हते, पण रद्दीवाला किलोवर घेऊ लागला. मग चाळीतल्या बायका पिशव्या धुऊन मोरीच्या फरशीला चिकटवून वाळवू लागल्या. पर्यावरण हा शब्दही तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता.

आमच्या नांदगावात हे काम भंगारवाल्याने केले. तिठ्यावरून त्याचा टेम्पो आत वळायचा. लोखंड, बाटल्या, फुटक्या बादल्या घ्यायचा आणि बदल्यात कांदे-लसूण द्यायचा. त्या कांद्यांसाठी अम्मी तुटका टप पावसाळाभर माळ्यावर जपून ठेवी. वेफरचे पाकीट मात्र तिने कधीच जपले नाही. त्यात प्लास्टिकचे थर आणि धातूचा मुलामा असे एकमेकांना चिकटलेले असतात की ते सुटे करणे परवडत नाही. म्हणून त्याला भाव नाही. पाकीट चुलीत तरी जाई, नाहीतर व्हाळात.

या धंद्यात आपल्या समाजाची माणसे बरीच आहेत. तरी स्थळ सांगताना 'मुलगा भंगारात आहे' हे आपण आवाज खाली करूनच सांगतो.

कायदे नंतर आले. 26 जुलै 2005 च्या पुरात मुंबईची गटारे तुंबली, तेव्हा पिशव्यांवर बोट ठेवले गेले. 23 मार्च 2018 ला राज्याने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. दुधाच्या रिकाम्या पिशवीमागे 50 पैसे परत देण्याची योजनाही तेव्हाचीच. आमच्या दारात ते 50 पैसे कधी आले नाहीत.

आपल्याच जिल्ह्यातल्या वेंगुर्ल्याने वेगळी वाट धरली. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना नगरपरिषदेने घरोघरचा कचरा वेगवेगळा उचलायला सुरुवात केली. प्लास्टिकचा चुरा करून डांबरी रस्त्यांत वापरला. जुना कचरा डेपो तर बाहेरगावचे लोक पाहायला येऊ लागले! भाव नसलेल्या प्लास्टिकलाही तिथे जागा मिळाली. घरात दोन डबे ठेवणाऱ्या बाईला एवढेच हवे असते, की आपण वेगळे केलेले गाडीत पुन्हा एकत्र होऊ नये.

नांदगावात अजून टेम्पोच येतो. परवा त्याला विचारले, वेफरची पाकिटे घेशील का? तो हसला आणि गाडी पुढच्या घरापाशी नेली.