मुंबईची लावणी

मुंबईची लावणी : शाहीर तुकाराम भाऊराव ऊर्फ अण्णाभाऊ साठे (१ ऑगस्ट १९२०–१८ जुलै १९६९) यांची मुंबई शहरावरील दीर्घ गेय रचना. सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील वाटेगावी मांग समाजात जन्मलेले, शाळेत जेमतेम दीड दिवस बसलेले, गिरणीतील चाकरी व मिळेल ती अंगमेहनत करीत मुंबईच्या श्रमिक वस्त्यांत वाढलेले आणि घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत वर्षानुवर्षे बिऱ्हाड करून राहिलेले अण्णाभाऊ येथे ज्या नगरीचे वर्णन करतात, ती त्यांच्या नित्याच्या वहिवाटीतली आहे.

त्याच तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांनी मुंबईच्या वैभवाची लावणी त्यापूर्वीच रचून फडाफडांत गाजविली होती. अण्णाभाऊंनी विषय तोच घेतला. परंतु मलबार टेकडीवरील कुबेरांच्या शेजारी परळातील राबणाऱ्यांना आणून उभे केले आणि वैभवाचा तो जमाखर्च पुन्हा मांडला. रस्त्यांची नावे, गल्लीबोळ, नाके, आगगाड्या आणि मोटारी यांची लांबच लांब रांग श्वास न घेता पुढे सरकत राहते आणि प्रत्येक कडव्याच्या अखेरीस त्याच एका यमकावर येऊन आदळते. या नामावळीतून शहराचा कोलाहल जसा ऐकू येतो, तसा तो आधुनिक मराठी काव्यात क्वचितच ऐकू आला असेल.

या रचनेचे नादवैभव जाणण्यासाठी तिच्यामागचा फड ध्यानी घेणे अगत्याचे आहे. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह अण्णाभाऊंनी लाल बावटा कलापथक उभारले. डफ-तुणतुण्याच्या पोवाड्याला तमाशातील ढोलकीची जोड, तिघा शाहिरांचे निरनिराळ्या जातीचे आवाज आणि झीलकऱ्यांचा एकमुखी उठाव, असा भरघोस साज गिरणगावच्या सभांना त्यामुळे लाभला. नातलग बापू साठे यांच्या तमाशात उमेदवारी केलेल्या अण्णाभाऊंनी गणातील देवतावंदनाच्या जागी मायभूमीचे व श्रमिकांचे वंदन आणले, गौळण गाळली आणि मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध घातले तेव्हा तोच प्रकार लोकनाट्य या नावाने लोकांपुढे ठेवला.

अण्णाभाऊंची कीर्ती पुढे ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीने व त्याहूनही ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीने सर्वदूर नेली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्या छक्कडीतील विरहिणीमध्ये महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी मुलूख लोकांना दिसला आणि अमर शेख यांच्या बुलंद गळ्याने ती घरोघर पोहोचविली. तिच्या थोरवीविषयी वाद नाही. तथापि तिच्या तेजात ‘मुंबईची लावणी’ झाकोळली, हा अन्यायच होय. मैनेचे दुःख एका कंठाला पेलते. ही लावणी मात्र गाणारा, झील धरणारे, डफ आणि ढोलकी असा सबंध फड मागते. म्हणूनच छापील पानावर ती निव्वळ यादी भासण्याचा संभव असतो आणि अनेक समीक्षकांनी तिच्यातील विषमतेचा आशय तेवढा उचलून तिची लय दुर्लक्षिली. अण्णाभाऊंच्या निधनानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, अमर शेखही अपघातात निवर्तले. मूळ फडातील हे दोन आवाज असे लोपले, तरी अभ्यासकाने ही रचना एकदा तरी चारचौघांनी मिळून, मोठ्याने, डफावर म्हटलेली ऐकावी आणि मगच तिच्याविषयी मत बनवावे.